कुंडीतली औषधं : बियांपासून

(रौप्यमहोत्सवी सप्ताहात संस्थेच्या ज्येष्ठ सभासदाने केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी साहेबांनी मला वीस मिनिटं दिली आहेत. बँकेत छत्तीस वर्षं काढलेल्या माणसाला वेळेची शिस्त असते असा त्यांचा समज आहे. विषय त्यांनीच दिला, ‘घरच्या घरी औषधी वनस्पती’. मी त्यात एक शब्द वाढवून घेतला, ‘बियांपासून’. कारण रोप विकत आणून कुंडीत ठेवणं आपण सगळेच करतो. ते दोन महिन्यांत वाळलं की दुसरं आणतो. बी पेरून झाड करणं हे वेगळं काम आहे आणि आज मला त्याबद्दलच बोलायचं आहे.

एक योगायोग सांगतो. आपली संस्था २००० साली नोंदवली गेली. केंद्र सरकारचं राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळसुद्धा २००० सालच्या नोव्हेंबरातच स्थापन झालं. म्हणजे दोघांचंही वय पंचवीस. त्यांचं बजेट आपल्यापेक्षा थोडं बरं असावं.

आता आपल्या नगरचं हवामान. (कागदोपत्री आता अहिल्यानगर, पण माझ्या तोंडी नगरच येतं, चालवून घ्या.) आपला भाग पर्जन्यछायेचा. वर्षाला पाचसहाशे मिलिमीटर पाऊस, उन्हाळ्यात पारा चाळीसच्या वर, आणि बोअरचं पाणी इतकं जड की कुंडीच्या काठावर पांढरा थर चढतो. ऐकणारा म्हणेल, इथे काय उगवणार? पण कितीतरी औषधी झाडांना असंच हवामान लागतं. अश्वगंधा घ्या. आपल्याकडे तिला आस्कंद किंवा ढोरगुंज म्हणतात. पडीक जमिनीत, रस्त्याच्या कडेला ती आपोआप येते आणि आपण तिला गवत समजून पुढे जातो. तिला लाड चालत नाहीत. पाणी साचलं की मूळ कुजतं. कोकणातल्या माणसाला ती कुंडीत वाढवायला जितके कष्ट पडतील, त्याच्या निम्मेही आपल्याला पडत नाहीत.

सुरुवात मात्र तुळशीपासून करू, कारण ती प्रत्येक घरात आहे आणि तरीही तिचं बी धरणारी घरं कमी आहेत. तुळशीचं लग्न झालं की बी धरण्याचा मोसम आला असं समजा. मंजिरी खालून तपकिरी व्हायला लागली, वरची एकदोन फुलं अजून ताजी असली, की ती खुडायची. पूर्ण वाळेपर्यंत थांबलात तर बी वाऱ्याबरोबर आणि मुंग्यांबरोबर गेलेलं असतं. सावलीत चार दिवस कागदावर पसरायची, मग तळहातावर चोळायची आणि हलकेच फुंकर मारायची. कोंडा उडतो आणि खाली राहतं ते बी. मोहरीपेक्षा कितीतरी बारीक असतं. एका ग्रॅममध्ये काही हजार बिया भरतात, म्हणजे चहाचा अर्धा चमचा बी सगळ्या संस्थेला पुरून उरेल.

पेरताना ते पुरायचं नाही. बहुतेकांची तुळस उगवत नाही त्याचं कारण हेच, ते बोटाने खड्डा करून बी आत घालतात. एवढ्याशा बियाच्या पोटात शिदोरी ती किती असणार? वरच्या मातीचा थर फोडायलाच ती संपते. बारीक वाळूत बी मिसळायचं, ओल्या मातीवर भुरभुरायचं, वर चाळलेल्या खताची नुसती धूळ. पाणी झारीने नको, फवाऱ्याने. फेब्रुवारीच्या अखेरीपासून पाऊस सुरू होईपर्यंत कधीही पेरा, आठ ते बारा दिवसांत हिरवे ठिपके दिसतात. चारपाच पानं आली की संध्याकाळच्या वेळी रोप हलवायचं. सकाळी हलवलेलं रोप दुपारच्या उन्हात माना टाकतं.

आणि हो, दुकानातला सब्जा म्हणजे आपल्या वृंदावनातली तुळस नव्हे. ती तिची चुलत बहीण. सब्ज्याचं बी पाण्यात टाकलं की लगेच फुगून बुळबुळीत होतं. तेही कुंडीत छान येतं, पण त्याला तुळस म्हणून नैवेद्यावर ठेवू नका. सासूबाई ओळखतील.

माझ्याकडच्या कृष्ण तुळशीचं बी नेवाशाचं आहे. माझ्या पत्नीच्या माहेरच्या वाड्यात मोठं वृंदावन होतं. वाडा पाडायचा ठरला तेव्हा इतर बहिणींनी तांब्या-पितळेची भांडी वाटून घेतली आणि हिने पदराच्या गाठीत मंजिऱ्या बांधून आणल्या. त्याला आता बावीस वर्षं झाली. वाड्याच्या जागी दुकानांचे गाळे आहेत. २०२१ मध्ये ती गेली. त्या वर्षी कार्तिकात मंजिऱ्या खुडायच्या कोणी, हा प्रश्नच होता, कारण तोपर्यंत ते काम मी कधी केलं नव्हतं, नुसतं बघितलं होतं. बघितलेलं उपयोगी पडलं. सध्या जी तुळस गच्चीवर आहे ती त्या बियांचीच पुढची पिढी आहे.

बियांच्या बाबतीत आपल्या जिल्ह्याला एक मोठं नाव आहे. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे. शाळेत न गेलेल्या या बाईंनी देशी वाणांची बियाण्यांची बँक उभी केली आणि २०२० साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली. त्यांचं काम मुख्यतः भात, वाल, भाजीपाला यांचं आहे, पण बी कसं जपायचं हे शिकायचं तर त्यांच्याकडून. मातीची मडकी, राख, कडुनिंबाचा पाला. फ्रीज नाही, रसायन नाही. आणि त्यांच्या बँकेचा नियम मला फार आवडतो. बी न्यायचं आणि पीक आल्यावर दुप्पट परत करायचं. आमच्या बँकेच्या भाषेत हे शंभर टक्के व्याज झालं, आणि तरी कर्जदार खूश! आम्ही बारा टक्के लावले तर शेतकरी दार बंद करून घ्यायचा.

नोकरीत काही वर्षं मी राजूर-अकोले भागात होतो. कर्जाच्या पाहणीसाठी वाड्यापाड्यांवर फिरावं लागे. तिकडे घरांच्या अंगणात बाळहिरडा वाळत घातलेला असायचा, काळा पडलेला, सुरकुतलेला. तो विकून येणाऱ्या पैशावर कितीतरी महादेव कोळी, ठाकर कुटुंबांचं पावसाळ्यापूर्वीचं सामानसुमान व्हायचं. तेव्हा मला पहिल्यांदा कळलं की आपण त्रिफळा चूर्ण म्हणून जी डबी आणतो ती कुठल्यातरी डोंगरातल्या झाडापासून निघालेली असते आणि ते झाड कोणीही लावलेलं नसतं. हिरड्याचं झाड कुंडीत होणार नाही, कोणी प्रयत्न करू नये. त्याला सह्याद्रीच लागतो.

आता कशाला बी लागतं आणि कशाला नाही, हे एकदा सांगून टाकतो, म्हणजे पुढचे प्रश्न वाचतील. गवती चहा, कोरफड, अडुळसा, गुळवेल, ब्राह्मी यांच्या बियांच्या मागे लागू नका. ठोंब, पिल्लं किंवा फांदी लावा. ज्याला आपण ‘ओव्याचं पान’ म्हणतो, जाडसर, लव असलेलं, ज्याची भजी करतात, ते ओव्याचं झाड नाहीच. फक्त वास तसा. ते फांदीने लागतं. खरा ओवा कोथिंबिरीच्या घराण्यातला, बारीक दोऱ्यासारख्या पानांचा. तो बियांनीच येतो आणि दसरा-दिवाळीच्या दरम्यान पेरावा. वाण्याकडचा ओवा, धणे, मेथी, अळीव हे सगळं उगवतं. धणे मात्र रगडून दोन भाग करून पेरा. अळीव नातवंडांना पेरायला द्या, तिसऱ्या दिवशी उगवतो. मुलांचा धीर तेवढाच असतो. माझाही कधीकधी.

याच्या उलट बाजूला शतावरी. काळं, टणक बी. चोवीस तास पाण्यात भिजवून जूनमध्ये पेरलं तरी महिनाभर काहीच दिसत नाही. मग एक उगवतं, पंधरा दिवसांनी दुसरं. कुंडी रिकामी समजून त्यात कोथिंबीर पेरून टाकणारे लोक मी पाहिले आहेत.

आणि काही बिया अशा की त्यांना थांबायला सांगताच येत नाही. कढीपत्त्याचं काळं फळ पिकलं की गर धुवून लगेच पेरायचं. कडुनिंबाच्या निंबोळीचंही तसंच. दोनतीन आठवड्यांत त्यांची उगवणशक्ती उतरायला लागते. कढीपत्त्याचं वाळकं बी पाकिटात घालून कोणी विकत असेल तर ते घेऊ नका. त्या पाकिटावर कितीही सुंदर चित्र असो.

यासाठीच मी म्हणतो की बी घेताना पहिला प्रश्न ‘किती जुनं?’ हा विचारा. काष्ठौषधीच्या दुकानात मिळणारं बी औषधासाठी आणलेलं असतं, पेरण्यासाठी नव्हे. किती वर्षं पोत्यात पडलंय ते दुकानदारालाही माहीत नसतं. उगवणशक्ती तपासणं अवघड नाही. सोयाबीन पेरण्याआधी कृषी खातं शेतकऱ्यांना गोणपाटावर शंभर दाणे ठेवून बघायला सांगतं. आपण दहा बिया ओल्या सुती फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवायच्या. दहातल्या सात फुटल्या तर उत्तम, तीन फुटल्या तर दाट पेरा, एकही नाही तर कुंडी अडवू नका. आणि उलट सावधगिरी अशी की शेतीच्या दुकानातलं गुलाबी किंवा लाल रंग लावलेलं बियाणं बुरशीनाशक चोळलेलं असतं. ते पेरायचं, चुकूनही खायचं नाही आणि पेरल्यावर हात धुवायचे. चांगलं बियाणं हवं असेल तर राहुरीचं महात्मा फुले कृषी विद्यापीठ इथून चाळीसेक किलोमीटरवर आहे. तिथे औषधी आणि सुगंधी वनस्पतींवर काम चालतं. लखनौच्या ‘सीमॅप’ या संस्थेने तर तुळशीचे आणि अश्वगंधेचे वेगवेगळे वाण काढले आहेत.

मातीबद्दल दोनच वाक्यं. शेतातली काळी माती नुसती कुंडीत भरू नका, ती ओली झाली की लोणी आणि वाळली की वीट. पोयटा, जाड वाळू आणि जुनं गांडूळखत समसमान घ्या. पाणी मुळा धरणाचं, नळाचं. बोअरचं नको, आणि पाणी शुद्ध करायच्या यंत्रातून बाहेर पडणारं तर कोवळ्या रोपांना अजिबात नको. त्यात क्षार एकवटलेले असतात. रोपं उगवून आठवड्यात जमिनीलगत बारीक होऊन आडवी पडायला लागली तर ती बुरशी आहे. पाणी कमी करा आणि वारा लागू द्या.

आता अश्वगंधेकडे परत येतो, कारण संस्थेतली सगळ्यात जास्त मागणी तिलाच आहे. कागदासारख्या पापुद्र्यात तांबडं फळ असतं, त्यात पिवळट चपट्या बिया. जुलैच्या अखेरीस, ऑगस्टमध्ये पेरायच्या. आठवडा-दहा दिवसांत उगवतात. पाच-सहा महिन्यांनी पानं पिवळी पडून गळायला लागली, फळं लाल झाली की कुंडी उलटी करून मूळ काढायचं. ताज्या मुळाला खरंच घोड्यासारखा वास येतो, नाव उगीच नाही पडलेलं. आणि निघतं किती? एका कुंडीतून बोटाएवढी दोनचार मुळं. माती, खत, कुंडी यांचा हिशेब मांडला तर बाजारातली पूड स्वस्त पडते. हा हिशेब मी मुद्दाम मांडून दाखवतो, कारण कोणी पैसे वाचतील म्हणून या नादाला लागू नये.

दोन वर्षांपूर्वी आपल्याच संस्थेतल्या एक ताई माझ्याकडे आल्या. म्हणाल्या, काका, मुळं काढलीत म्हणे, थोडी द्या, झोप येत नाही. मी विचारलं, गोळ्या कोणत्या चालू आहेत? थायरॉईडची. मी मूळ दिलं नाही. त्यांना वाईट वाटलं, आठवडाभर जिन्यात बोलल्या नाहीत. पण अश्वगंधेचा थायरॉईडवर परिणाम होऊ शकतो, झोपेच्या गोळ्यांबरोबर ती गुंगी वाढवू शकते, गरोदरपणी तर ती घेऊच नये. डेन्मार्कने २०२३ मध्ये तिच्यावर बंदीच घातली. आपल्या वैद्यांना तो निर्णय मान्य नाही आणि मलाही ते टोकाचं वाटतं. पण ज्या गोष्टीत खरोखर गुण आहे तिच्यात दोषही असणार, एवढं तरी त्यातून कळावं. नंतर त्या ताई वैद्यांकडे जाऊन आल्या आणि वैद्यांनीही त्यांना दुसरंच काही दिलं. माझ्याकडून त्या आता अळीव नेतात.

तेव्हापासून मी नियमच केला आहे. बी मागा, देईन. रोप मागा, देईन. औषध मागू नका. आपल्या शहरात गंगाधरशास्त्री गुणे यांच्या नावाचं आयुर्वेद महाविद्यालय आहे. १९१७ पासूनची परंपरा आहे त्या संस्थेला. शिकलेली माणसं जवळ असताना बँकेच्या माणसाकडून औषध घेण्याचं कारण नाही.

करोनाच्या दिवसांत गुळवेलीचं काय झालं ते तुम्हाला आठवत असेल. घरोघर काढे. जो उठतो तो शेताच्या बांधावरून वेल तोडून आणतोय. २०२१ साली मुंबईतल्या यकृताच्या डॉक्टरांनी काही रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. गुळवेल घेतल्यानंतर यकृताला इजा झालेली माणसं. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, ती वेल खरी गुळवेलच होती कशावरून? तिच्यासारख्या दिसणाऱ्या दुसऱ्या वेली आहेत. वाद अजूनही चालतो आणि तो सोडवणं माझं काम नाही. पण त्याच वर्षी आपल्या संस्थेतही एक भारा आला होता, एका ओळखीच्या माणसाने प्रेमाने आणून दिलेला. पानं बदामाच्या आकाराची, तीही हिरवीगार. खोडावर मात्र अंगभर टेंगळं. मी शेजारच्या वैद्यांना दाखवला. ते म्हणाले, ही ती नव्हे, हिला हात लावू नका. तोपर्यंत तीन घरांत पातेली चढली होती. मी आणि वॉचमन जिने चढून दारं वाजवत फिरलो. कोणाला काही झालं नाही.

सही जुळल्याशिवाय चेक पास करायचा नाही, हे मी छत्तीस वर्षं पाळलं. वनस्पतीची सही कुठे बघायची? फांदी तोडून आणली तर तिच्या अंगावरच्या दोन-तीन खुणाच दिसतात. बियापासून वाढवलेल्या झाडाचं मात्र सगळं खातं तुमच्याकडे असतं. पहिली दोन पानं कशी होती, फूल कोणत्या महिन्यात आलं, फळ कसं पिकलं. तुळशीची आणि सब्ज्याची रोपं मी आता चार पानांवर ओळखतो. ओव्याचं आणि गाजरगवताचं कोवळं रोप मात्र सुरुवातीला फसवतं, दोघांचीही पानं कातरलेली. चुरगळून वास घ्यावा लागतो, आणि गाजरगवताची ॲलर्जी असलेल्याने तेही करू नये. हे पुस्तकातल्या चित्रावरून जमत नाही. रोज सकाळी पाणी घालायला गेलं की आपोआप जमतं.

आता मुख्य कामाचं. वार्षिक सभेत ठराव झाला आहे आणि पुढच्या महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग सुरू होतंय. वरच्या मजल्यावरच्या मंडळींच्या छताला ओल आली आहे, तेव्हा ठरावाला माझी हरकत नाही. ठरावाच्या बाजूने मी हातही वर केला होता. माझ्या चौऱ्याहत्तर कुंड्या खाली उतरणार. कार्यकारिणीने कंपाउंडच्या पूर्वेच्या भिंतीलगत दहा फूट जागा देऊ केली आहे, त्याबद्दल आभार. तिथे सकाळचं ऊन चांगलं आहे, पण फार तर वीस कुंड्या मावतील. राहिलेल्या चोपन्न मला तुमच्या गॅलऱ्यांत हव्या आहेत. माझं वय शहात्तर. एका माणसाच्या ताब्यात सगळं बी असणं बरोबर नाही. एक आजारपण, एक लांबलेला प्रवास, एक कोरडा मे महिना, की नेवाशाची ती तुळस संपली. दहा घरांत असली तर एखाद्या घरी तरी राहील.

मागच्या टेबलावर वर्तमानपत्राच्या पुड्या ठेवल्या आहेत. प्लास्टिक नाही, कारण त्यात दमट होऊन बुरशी येते. प्रत्येक पुडीवर नाव आणि बी धरल्याचा महिना लिहिला आहे. डावीकडे तुळस, कृष्ण आणि साधी, दोन्ही वेगळ्या. मध्ये अश्वगंधा आणि ओवा. उजवीकडे शतावरी, ती फक्त धीर असलेल्यांनी घ्यावी. अळीव मुलांसाठी. शेजारी एक वही आहे. त्यात फ्लॅट नंबर आणि काय नेलं ते लिहा. राहीबाईंचाच नियम लावतो, पुढच्या कार्तिकात दुप्पट परत. वसुलीला मी स्वतः येणार आहे आणि माझा वसुलीचा अनुभव दांडगा आहे.

सेक्रेटरी घड्याळ दाखवताहेत. तुळशीच्या पुड्या पस्तीसच आहेत आणि फ्लॅट अठ्ठेचाळीस, तेव्हा एका घरी एकच.